उठा म्हणणारा माणूस

भाऊसाहेबांना कोणाला ‘आता निघा’ म्हणता येत नसे. दोनदा मंत्री झालेला माणूस. सभागृहात बोलायला उभे राहिले की समोरचे बाक गप्प होत. पण शहरातली कामं मागे टाकून काटोल रोडवरच्या आपल्या बगीच्यात आले, बंगल्याच्या व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत टेकले, की समोर बसलेल्या माणसाला उठवणं त्यांच्या जिवावर येई. माणसं बोलत, बोलून झालं की तेच पुन्हा बोलत. चहा दोनदा होई. संत्र्याच्या झाडांवरचं ऊन उतरून जाई. शेवटी भाऊसाहेब मान किंचित वळवून खांबाशी उभ्या असलेल्या शालिकरामकडे पाहत. शालिकराम पुढे येई, हात जोडी आणि म्हणे, “चला जी, उठा. साहेबाले आराम करू द्या.”

आणि माणसं उठत.

शालिकराम तसा झाडांतला माणूस. मिसरूड फुटायच्या वयात तो या बगीच्यात पाणी द्यायच्या कामावर लागला. आळी करायची, पाण्याचा दांड फोडायचा, एका झाडाचं पोट भरलं की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. व्हरांड्याशी त्याचा काही संबंध नव्हता. मग एका हिवाळी अधिवेशनात भाऊसाहेब अंगात ताप घेऊन बगीच्यावर आले आणि त्यांच्या मागोमाग अख्खा जिल्हा आला. माणसं ओट्यावर, पायऱ्यांवर, झाडांखाली बसलेली. भाऊसाहेबांचे डोळे लाल झालेले, तरी ते ‘हो, हो’ म्हणत होते. पाण्याचा तांब्या ठेवायला आलेल्या शालिकरामला ते पाहवलं नाही. त्याने तांब्या खाली ठेवला, हात जोडले आणि जे तोंडाला आलं ते म्हणून टाकलं. म्हटल्यावर तोच घाबरला. पण सगळे उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी विचारलं, “काल ज्याने उठवलं तो पोरगा कुठे आहे?” तेव्हापासून त्याचा निम्मा दिवस झाडांत आणि निम्मा खांबाशी जाऊ लागला.

एक गोष्ट त्याच्या लवकर ध्यानात आली. उठवलेला माणूस ओशाळतो. उठताना त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. म्हणून शालिकराम तोंडाने उठा म्हणे आणि त्याच वेळी त्या माणसाच्या हातात काहीतरी देई. बहार असला की संत्रं. नसलं की पेरू, लिंबू, तेही नसलं तर पाण्याचा गिलास. हातात वस्तू आली की माणूस मोकळा होतो, रागाने जात नाही. गावात त्याला ‘उठवे’ असं नाव पडलं. लग्न होऊन आलेल्या भागीरथाने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली होती, “बाप्पा! दुसऱ्याइचे नवरे सकाळी सोताच उठतात. माहा नवरा लोकाईले उठवाले जाते.”

भाऊसाहेब गेले. मुलं पुण्या-मुंबईला पांगली. धाकट्या सूनबाई, शोभाताई, तेवढ्या नागपुरात प्रताप नगरला राहिल्या. त्यांनी चार माणसं जमवून ट्रस्ट केला आणि बगीच्यावरचा बंगला जसा होता तसा ठेवून त्याचं संग्रहालय केलं. आता आत गेलं की शिसवी पलंग आहे, चकतीचा टेलिफोन आहे, चष्म्यांचं कपाट आहे, भिंतभर फोटो आहेत. शनिवारी-रविवारी शहरातून माणसं येतात. पण सगळ्यांचे पाय अडतात ते व्हरांड्यात, कारण भाऊसाहेबांची वेताची आरामखुर्ची अजून तिथेच आहे. लांब हातांची, पाठीत जराशी झोपलेली. तिच्याभोवती लाल दोरी आहे आणि दोरीशी शालिकराम आहे.

संग्रहालयात शालिकराम तिकीट फाडतो, झाडू मारतो, दिवे लावतो, कुलपं लावतो. मागच्या आवारात दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, तिथे राहतो. पण खरं काम खुर्चीचं. दोरी असली तरी माणसं बसतातच. जो तो म्हणतो, एक फोटो, फक्त एक. त्याने आमदार उठवले आहेत, साहेबलोक उठवले आहेत. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं त्याने उठवलं, तेव्हा नवरी इतक्या जड घागऱ्यात होती की तिला उठवायला नवरदेव कमी पडला. शालिकरामचा आवाज कधी चढत नाही. तेच दोन हात, तेच शब्द.

एकदाच चुकलं. शाळेच्या सहलीतल्या एका पोराने दोरीवरून उडी टाकली आणि थेट खुर्चीत उतरला. वेत मधोमध फाटला. नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या कारागिराकडून तो पुन्हा विणून आणावा लागला, आणि तो कारागीर म्हणाला की आता हा वेत मिळत नाही, हे शेवटचं समजा. ट्रस्टच्या बैठकीत शोभाताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “शालिकराम, मला वाईट वाटतं. पण पुढच्या वेळी काही झालं, तर आपल्याला एजन्सीचा माणूस ठेवावा लागेल.” शालिकरामने हो जी म्हटलं. एजन्सीचा माणूस आला की क्वार्टरही त्याचं. हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर व्हरांड्याच्या कोपऱ्यात कॅमेरा बसला. त्यातलं चित्र शोभाताईंना मोबाइलमध्ये दिसतं.

आता प्रीतीचं. प्रीती त्याची एकुलती एक मुलगी. शहरात एका लॅबमध्ये रक्त काढते. रोज स्कूटीने जाते, येते. दिवसभर अनोळखी माणसांना ‘मूठ आवळा, श्वास घ्या, झालं’ म्हणत असल्यामुळे तिला कोणाची भीती वाटत नाही. गेल्या वर्षी तिला पाहायला वर्ध्याकडची माणसं आली होती. भागीरथाच्या मनासारखं स्थळ होतं. शालिकरामने हौसेने त्यांना संग्रहालय दाखवायला नेलं. तिथे मुलाच्या मामाने बोलता बोलता चष्म्यांच्या कपाटाच्या काचेवर कोपर टेकलं, आणि शालिकरामच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “हात काढा जी.” मामाने हात काढला. घरी जाऊन सोयरीकही काढून घेतली.

भागीरथा ते विसरली नाही. या वेळी कन्हानचं स्थळ आलं, तेव्हा आठवडाभर आधीपासून तिचं एकच पालुपद. “या खेपेस तोंडाले कुलूप लावजा. लोकं येतीन, बसतीन, पोट्टीले पाहतीन अन् जातीन. तुमी फक्त हो जी म्हणाचं.”

“मी काय म्हणतो वं दुसरं?”

“तुमी काय म्हणता ते साऱ्या तालुक्याले मालूम हाय.”

पाहुण्यांना सोमवारी बोलावलं. सोमवारी संग्रहालय बंद असतं. गावातल्या मंडपवाल्याकडून चार खुर्च्या आणून क्वार्टरच्या अंगणात मांडल्या होत्या. फेब्रुवारीचे दिवस होते, संत्र्याच्या फुलांचा वास सगळीकडे दाटला होता, आणि भागीरथा म्हणत होती की एवढ्या वासात तिच्या पोह्यांच्या तर्रीचा वास कोणाला यायचा. सोमवारच्या रिवाजाप्रमाणे शालिकरामने सकाळी व्हरांडा धुतला होता आणि लाल दोरी धुऊन पेरूच्या झाडावर वाळत घातली होती.

तिथेच घात झाला. गाडी मागच्या वाटेने येईल म्हणून शालिकराम मागे उभा होता, आणि गाडी समोरच्या फाटकाशी थांबली. आवाज ऐकून तो बंगल्याला वळसा घालून धावत आला, तेव्हा मुलाचे वडील देवरावजी पायऱ्यांशी चपला काढत होते, आई प्रेमिलाबाई पदर सावरत होत्या, मुलगा अश्विन गाडीतून पिशव्या काढत होता. आणि मुलाची आजी, मनकर्णाबाई, व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत बसली होती.

नुसती बसली नव्हती. मागे टेकली होती. वेताने तिच्या वजनासरशी एक बारीक कुरकूर केली, ती शालिकरामने अंगणातून ऐकली.

“गाडी लागते म्हणून गोळी देली होती आईले,” देवरावजी म्हणाले. “पूर्ण रिंग रोड पेंगतच आली. खुर्ची दिसली अन् बसली. कसं हाय, सगळं बरं?”

“हो जी,” शालिकराम म्हणाला.

त्याचे हात आपोआप जोडले गेले होते. तोंड उघडलं होतं. पण मुलीकडच्या बापाने मुलाकडच्या आजीला, ती अशी येऊन टेकलेली असताना, उठा म्हणायचं? कन्हानपर्यंत ते कसं पोचलं असतं ते त्याला माहीत होतं. वर्ध्याकडच्या मामाचं तर नुसतं कोपर होतं. त्याने जोडलेले हात तसेच कपाळाला लावले आणि नमस्कार केला. मनकर्णाबाईंनी डोळे मिटूनच मान हलवली. मग मान एका बाजूला कलली आणि त्या घोरायला लागल्या.

सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले.

“उठवू का?” प्रेमिलाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“नको,” देवरावजी दबक्या आवाजात म्हणाले. “अर्ध्या झोपेत उठवलं का दिवसभर तिचं डोकं फिरते. मंग सोन्यासारखी पोरगी दाखवली तरी नाही म्हणन.” मग शालिकरामकडे वळून, जरा ओशाळून, “आमच्याकडं तिनं पाह्यल्याबिगर काही ठरत नाही जी. अन् तिच्या आधी कोणी खातही नाही. थोडं थांबू.”

थांबू म्हणजे इथेच. मग मंडपवाल्याच्या खुर्च्या मागून पुढे आल्या आणि आजीच्या भोवती मांडल्या गेल्या. सगळे कुजबुजत बोलायला लागले. देवरावजींनी कन्हान नदीत यंदा किती पाणी आहे ते कुजबुजत सांगितलं. प्रेमिलाबाईंनी भागीरथाला साडीचा पोत कुजबुजत विचारला. शालिकराम हो जी, हो जी म्हणत होता, पण त्याची नजर खुर्चीच्या खालच्या बाजूला होती. मधला वेत खाली झोळीसारखा आला होता. दर घोरण्यासरशी झोळी जराशी खाली जाई आणि वर येई.

तो पाणी आणायच्या निमित्ताने मागे आला. स्वयंपाकघरात प्रीती तयार होऊन बसली होती. बंगल्याच्या कडेने दिसणारं सगळं तिने खिडकीतून पाहिलं होतं.

“बाबा, उठवा ना त्यायले. रोज तर उठवता.”

“सोयरे हायेत वं.”

“अजून झाले कुठं?”

“नाही झाले म्हणूनच उठवत नाही.”

“मंग मी उठवते. लॅबमध्ये रोज उठवते म्हाताऱ्या माणसाईले. आजी, उठा, झालं.”

“तू गप राह्य,” भागीरथा मागून आत येत म्हणाली. “जिले पाहाले आले ते पोट्टीच आजीले उठवाले गेली तर म्हणतीन, लग्नाआधीच घर चालवून राहिली.” मग ती शालिकरामला म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खाली आला होता, “वेत धरन का जी?”

शालिकराम माठातून तांब्या भरू लागला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

शोभाताई.

तो बाहेर, बंगल्याच्या कोपऱ्यावरच्या पेरूच्या झाडाखाली गेला. ओली लाल दोरी डोक्यावर लोंबत होती.

“शालिकराम, खुर्चीत कोण बसलं आहे?”

“पाहुणे हायेत ताई. प्रीतीले पाहाले आले कन्हानहून.”

“अरे वा. छान. पण मग घरी बसवा ना त्यांना. खुर्चीत काय?”

“मी मागं होतो जी. आजीबाई येऊन बसल्या.”

“मग उठवा.”

खुर्चीशी उभं राहून त्याला कोणाला हा शब्द कधी सांगावा लागला नव्हता. भाऊसाहेबांनी तर कधी तोंडही उघडलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. शालिकरामने व्हरांड्याकडे पाहिलं. तिथून आजीचं फक्त पांढरं डोकं आणि खुर्चीच्या लांब हातावर टेकलेली बांगड्यांची मनगटं दिसत होती.

“नाही उठवत ताई,” तो म्हणाला.

“काय म्हणालात?”

“झोपल्या हायेत. म्हातारं माणूस हाय. माह्या दारात आलं हाय. मी नाही उठवत.” त्याने खिशातल्या चाव्या चाचपल्या. “काही झालं तर माह्यावर. चाव्या तुमी म्हणसान तवा आणून देतो.”

मग शोभाताई एवढंच म्हणाल्या, “मी पाहते आहे.” आणि फोन बंद झाला.

तो वळला तर मागे अश्विन उभा होता. उंच, उन्हाने रापलेला पोरगा. पाण्याचा जग भरून न्यायला आला होता आणि सगळं ऐकून बसला होता.

“काकाजी, ते खुर्ची बसाची नाही का?”

शालिकरामला आता लपवायला काही उरलं नव्हतं. त्याने सांगितलं. खुर्ची कोणाची, वेत कसा, आधी काय झालं, आणि आता काय होईल. अश्विनने तोंडावर हात ठेवला. “तुमी आमाले तेव्हाच सांगाले पायजे होतं. आमी उचलून दुसरीकडं बसवलं असतं आजीले.”

“तेच तर तोंडातून निघालं नाही बाबू.”

“अजून उचलू?”

“आता उचललं अन् उठल्या तर?”

अश्विनने विचार केला. खाणीत सर्व्हेच्या कामावर होता तो. वर कोट्यवधी टन दगड असताना खाली उभं राहायची त्याला सवय होती. “खाणीत छत खाली येऊन राहिलं का आपण छताले हात लावत नाही,” तो म्हणाला. “खालून टेकू देतो. कडक टेकू नाही, वर लाकूड, नरम. छत त्यावर बसते. तुमच्याकडं काही हाय का, एवढ्या उंचीचं?”

“संत्र्याची पेटी हाय,” स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. प्रीती होती. “अन् वरून वाकळ टाकू घडी करून. मी आणते.”

अशा रीतीने मुलाने मुलीला पहिल्यांदा पाहिलं, आणि मुलीच्या हातात पोह्यांचा ट्रे नव्हता, संत्र्याची रिकामी लाकडी पेटी होती.

देवरावजींना कुजबुजत सगळं सांगितलं गेलं. ते आधी उभेच राहिले, मग आईकडे पाहून पुन्हा बसले. प्रेमिलाबाईंनी गालाला हात लावला. अश्विन आणि प्रीती दोन बाजूंनी खुर्चीखाली शिरले. शालिकराम गुडघे टेकून पुढून वाकला आणि त्याने मोबाइलची बॅटरी आत धरली. आजीच्या घोरण्याच्या तालावर काम चाललं.

“थोडी डावीकडं,” अश्विन.

“कोणाची डावी?”

“माही.”

“मंग माही उजवी म्हणा ना.”

“वाकळ सरकली. तुमच्या बाजूनं ओढा.”

“ओढून राहिली ना. तुमचा पाय माह्या ओढणीवर हाय.”

“सॉरी.”

“सॉरी नंतर. आधी पाय.”

शालिकरामने पेटी आणि वेत यांच्यामधली फट पाहिली. बोटभर. मग अर्धं बोट. वाकळीची एक घडी आणखी आत गेली आणि झोळी हलकेच तिच्यावर टेकली. पण त्याआधी त्याने बॅटरीच्या उजेडात पाहिलं होतं: कडेचे दोन पदर तुटले होते. कधी तुटले, कोणाला ऐकू आलं नव्हतं.

आणि खिशातला फोन पुन्हा वाजला.

मोठ्याने. शालिकरामने तो गडबडीत उचलला आणि बोट चुकून स्पीकरवर पडलं. व्हरांडाभर शोभाताईंचा आवाज घुमला, “शालिकराम, खुर्चीखाली कोण शिरलं आहे?”

घोरणं थांबलं.

मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. समोर मुलगा, सून, एक अनोळखी बाई, तिघंही ओठांवर बोट ठेवून बसलेले. पायाशी एक माणूस गुडघ्यांवर, हातात फोन. आणि खालून, अगदी त्यांच्या बुडाखालून, कोणीतरी म्हणालं, “हलू नका आजी, एक मिनिट.”

“कोण हाय गा खाली?”

“मी हाय आजी. अश्विन.”

“अन् दुसरं कोण खसखसून राहिलं?”

प्रीती मागून बाहेर आली. ओढणीला धूळ, केसांत जळमट. तिने जळमट काढायच्या भानगडीत न पडता वाकून नमस्कार केला.

“हेच का पोरगी?” मनकर्णाबाईंनी देवरावजींना विचारलं.

“हो आई.”

“अन् माह्या खाली काय करून राहिली?”

शालिकरामने पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा त्याचं हो जी झालं. तेव्हा प्रीतीच बोलली. सरळ, जशी ती रक्त काढायच्या आधी सांगते तशी. खुर्ची आमची नाही. भाऊसाहेबांची आहे, संग्रहालयाची. वेत जुना आहे, आणखी एकदा फाटला तर बाबांची नोकरी जाईल. तुम्ही दमून आलात म्हणून त्यांनी उठवलं नाही. म्हणून आम्ही खालून पेटी लावली.

मनकर्णाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी खुर्चीखालून बाहेर आलेल्या नातवाचा हात धरला आणि सावकाश, एक एक पाय रोवत, उभ्या राहिल्या. वेत कुरकुरला, पण धरून राहिला. उभ्या राहिल्यावर त्यांनी वळून खुर्चीकडे पाहिलं, मग शालिकरामकडे.

“काहून गा? लोकाईले उठवाचंच काम करते ना तू? मध्यस्थानं सांगतलं आमाले. आमदाराले उठवलं म्हणे.”

“हो जी.”

“मंग मलेच भ्याला?”

शालिकराम खाली पाहत म्हणाला, “आमदार माह्या पोरीले पाहाले नव्हता आला जी.”

आजी हसल्या. आधी खांदे हलले, मग आवाज आला. देवरावजींनी सुटकेचा श्वास टाकला. पण फोन अजून चालूच होता, हे शालिकरामला तेव्हा आठवलं, कारण त्यातून पुन्हा आवाज आला.

“शालिकराम? मला कोणी सांगेल का काय चाललं आहे?”

“आण इकडं,” म्हणून आजींनी फोन घेतला. कानाला उलटा लावला, अश्विनने सुलटा केला. “बाई, मी मनकर्णा. कन्हानची. तुमच्या खुर्चीत मी बसली. तुमच्या माणसानं नाही बसवलं. चूक माही हाय, त्याची नाही.”

“झोप लागली का आजी?” शोभाताईंनी विचारलं.

“लागली बाई. लय दिवसानं अशी लागली. मंत्री लोकं खुर्ची काहून सोडत नाहीत, ते आज समजलं मले.”

मग शोभाताई हसल्याचा आवाज आला, आखडता, जणू त्यांना हसायचं नव्हतं.

शालिकरामने फोन परत घेतला. आता जे सांगायचं ते कॅमेऱ्यात दिसलं नसणार, हे त्याला माहीत होतं. “ताई,” तो म्हणाला, “उजव्या कडेचे दोन पदर तुटले. आताच पाह्यलं मी. बाकीचा वेत शाबूत हाय.”

त्याच्या बाजूला उभ्या असलेल्या भागीरथाने डोळे मिटून घेतले.

“आता तुम्हीच सांगितलं म्हणून कळलं,” शोभाताई म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, “पाऊण तास पाहते आहे मी. चहा गार झाला माझा. एजन्सीचा माणूस असता तर त्याने आजींना उठवलं असतं आणि पदरही तुटले नसते. ते खरं आहे.”

“हो जी.”

“पण मला तो माणूस त्या व्हरांड्यात उभा असलेला बघवला नसता. चाव्या ठेवा तुमच्याकडेच.” मग आवाज पूर्वीसारखा झाला. “आणि ती खुर्ची आजच आत घ्या. पलंगाच्या खोलीत. व्हरांड्यात ठेवायची नाही यापुढे. माझ्या जिवाला हा घोर नको. पाहुण्यांच्या मुलाला हात लावायला सांगा, एकट्याने उचलू नका.”

खुर्ची दिसायला मोठी, उचलायला अगदी हलकी होती. शालिकराम पुढे आणि अश्विन मागे असे ते निघाले. कुठून वळायचं ते शोभाताई फोनवरून सांगत होत्या आणि आजी पायरीवर बसून सांगत होत्या, आणि दोघींच्या सांगण्यात मेळ नव्हता. प्रीती दार धरून उभी होती. व्हरांड्याच्या फरशीवर चार पायांच्या जागी चार काळसर ठिपके उघडे पडले.

मागे प्रेमिलाबाई सासूला विचारत होत्या, “मंग काय म्हणता?”

“मी काय म्हणू? ज्या पोरीनं माह्यासाठी धूळ खाल्ली तिले नाही कसं म्हणू? माह्याकडून हो हाय. तिले विचारा. तिनं पाह्यलं का आमच्या पोराले?”

“खुर्चीखाली पाह्यलं,” प्रीती दारातूनच म्हणाली. “तिथं अंधार होता. अजून एकदा उजेडात बोलतो आमी, मंग सांगते.”

“सांग बाप्पा. निवांत सांग,” आजी म्हणाल्या. “पण पोहे आणा आधी. यायच्या हातापायातली ताकद गेली असन.”

पलंगाच्या खोलीत खिडक्या बंद होत्या. आत जुन्या लाकडाचा वास होता, आणि फटीतून आलेला फुलांचा. खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला लागून बसवली. अश्विनने कमरेवर हात ठेवून छताकडे, कोपऱ्यांकडे पाहिलं.

“काकाजी, इथं कॅमेरा नाही.”

“नाही. इथं कुलूप असते.”

“तुमी कधी बसले का हिच्यात?”

“नाही बाबू.”

“बसा मंग. एवढी वर्षं झाली. कोणी पाहून नाही राहिलं. मी पण बाहेर जातो.”

शालिकरामने खुर्चीच्या लांब हातावर हात ठेवला. लाकूड माणसांच्या मनगटांनी गुळगुळीत झालेलं होतं. त्याने बोटाने तुटलेले दोन पदर आत, बाकीच्या विणीखाली, दाबून बसवले.

“नको,” तो म्हणाला. “बसलो तर मले कोण उठवन?”

अश्विन हसला. शालिकरामलाही हसू आलं. मग त्याने दिवा मालवला, अश्विनला पुढे घातलं आणि दाराला कुलूप लावलं. अंगणात भागीरथा पोह्यांवर तर्री वाढत होती आणि आजींनी पहिला घास घेतला होता.